बहुतेक चौदा

सायकल महासंघाच्या कचेरीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. अध्यक्षांपासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची ती स्टेनोबाई. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने सभांची इतिवृत्तं लिहिली, शर्यतींची वेळापत्रकं टाइप केली, निवृत्त होणाऱ्यांची निरोपाची भाषणं उतरवून घेतली. स्वतः मात्र मोजकं बोलायची. लघुलेखनात हात इतका बसलेला, की समोरच्याचं वाक्य संपून त्याने श्वास घ्यायच्या आत तिची पेन्सिल थांबलेली असायची.

चौकशी समिती नेमली गेली तेव्हा तिला वाटलं, हेही एक कामच.

प्रकरण असं होतं. दोन-तीन वर्षांत बरेच व्यावसायिक सायकलपटू उत्तेजक घेताना पकडले गेले होते. आणखी किती सुटले याचा पत्ता नव्हता. शेवटी महासंघाने जाहीर केलं, की जो आपणहून येऊन पूर्ण आणि खरं सांगेल, त्याची चार वर्षांची बंदी एका वर्षावर आणू. पूर्ण म्हणजे काय घेतलं, कोणी दिलं, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं. त्यातलं काही खोटं निघालं की सवलत गेली. आलेल्यांच्या वकिलांनी एक अट घातली. आवाज टेप करायचा नाही. म्हणून मग स्टेनोबाई.

तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत समिती बसायची. मधे निवृत्त न्यायाधीश, त्यांना सगळे साहेब म्हणत. डाव्या हाताला डॉक्टरीणबाई, उजव्या हाताला एक जुने सायकलपटू, ते जेवणानंतर हमखास पेंगायचे. खिडकीचं एक दार नीट लागत नसे, वाऱ्याने सारखं खट खट वाजायचं. टेबलाच्या टोकाला स्टेनोबाई, तासलेल्या सहा पेन्सिली घेऊन.

पहिला सायकलपटू रडला तेव्हा तिने उठून पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. दुसरा रडला तेव्हाही. चौथ्याला तिला जाणवायला लागलं, की सगळे जवळपास एकाच जागी रडतात, आईचा विषय निघाला की. पाचव्याने सांगितलं, "मला वाटलं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आहे," आणि तिची पेन्सिल हे वाक्य आपोआप लिहून मोकळी झाली, कारण आधीच्या तिघांनीही तेच सांगितलं होतं. प्रत्येकाने दोनदाच घेतलेलं. प्रत्येकाने घेतलं ते नेमकं पकडला गेला त्याच वर्षी. त्याआधीची पदकं सगळ्यांची चोख. आणि औषध देणारा डॉक्टर एकतर वारलेला असायचा, नाहीतर परदेशी गेलेला.

"एवढे डॉक्टर वारतात कसे हो?" डॉक्टरीणबाईंनी एकदा चहाच्या वेळी विचारलं. "आमच्या धंद्याला काही रोग लागलाय का?"

साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रत्येकजण खरं सांगतोय. फक्त जेवढं सिद्ध झालंय तेवढंच."

स्टेनोबाईला ते ऐकवलं नाही. गंमत म्हणजे लिहिताना तिला प्रत्येकाचं खरं वाटायचं. समोर बसलेल्या माणसाचे हात दिसत, कोरडे ओठ दिसत, मधेच अडकलेला आवाज कानावर पडे. मग संध्याकाळी तेच टाइप करून वाचलं, की काहीच खरं वाटायचं नाही. साहेबांचा दंडक होता, की अडखळणं, उसासे, भरीचे शब्द काढून टाकायचे. खाली सही व्हायची आहे, मजकूर स्वच्छ हवा. ती स्वच्छ करायची. घरी जाताना दोन थांबे आधीच बसमधून उतरायची आणि चालत सुटायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

घर दुमजली होतं. वरच्या दोन खोल्यांत ती, खाली धाकटा भाऊ आणि भावजय. तिने लग्न केलं नाही, वडिलांचं करण्यात वर्षं गेली, आणि वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी खालच्या खोलीतली त्यांची खुर्ची कोणी हलवली नव्हती. भाऊ मालिशवाला होता. साधासुधा नाही, एका मोठ्या व्यावसायिक सायकल संघात सोळा वर्षं त्याने खेळाडूंचे पाय रगडले होते. शर्यतीच्या दिवसांत महिना महिना बाहेर. हाताचे तळवे लाकडासारखे झालेले, पण बोटं अशी हुशार, की वडील म्हणायचे, याला आंधळा केला तरी हा पोटरीवरून माणूस ओळखेल.

आठवा सायकलपटू आला तो नाकतोडा. हे त्याचं वर्तमानपत्रांतलं लाडकं नाव. लांब काटकुळे पाय, गुडघे बाहेर आलेले, आणि चढण लागली की उड्या मारत गेल्यासारखा बाकीच्यांच्या पुढे निघून जायचा. मोठी शर्यत त्याने दोनदा जिंकली होती. तो वकिलाशिवाय आला, रडला नाही, आणि आईचं नाव काढलं नाही.

"तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन," तो म्हणाला. "जीवनसत्त्व वगैरे काही नाही. मला माहीत होतं. चार वर्षं घेतलं."

जुने सायकलपटू खडबडून सरळ बसले.

"दोन्ही मोठ्या शर्यतींत?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही."

"आणून कोण द्यायचं?"

नाकतोड्याने पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "मामा."

"मामा म्हणजे आईचे भाऊ?"

"नाही साहेब. आमचे मालिशवाले. संघात सगळे त्यांना मामाच म्हणतात. बर्फाच्या थर्मासमधे घालून आणायचे. ते थंड ठेवावं लागतं ना."

स्टेनोबाईची पेन्सिल थांबली नाही, हात आपला चालत राहिला. नंतर वहीत पाहिलं तेव्हा 'मामा' हा शब्द एकाखाली एक तीनदा उमटला होता.

साहेब तारखेवर आले. तारीख नाही तर सवलत नाही. नाकतोडा म्हणाला, दर वेळची तारीख कशी आठवणार? पण एक प्रसंग आठवतो, शेवटच्या मोठ्या शर्यतीतला, तीन वर्षांपूर्वीचा. हॉटेल, दुसरा मजला, समोर धुलाईचं दुकान. संध्याकाळची वेळ. मामांनी दार लावून घेतलं, थर्मास उघडला, आणि त्यांचे हात कापत होते.

"तारीख?"

"चढणीचे टप्पे सुरू होते... बहुतेक चौदा असेल."

"असेल म्हणजे? चौदा की नाही?"

नाकतोड्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "चौदा."

त्या दिवशीचा मजकूर तिने त्याच दिवशी टाइप केला. दुसऱ्या दिवशी नाकतोड्याने प्रत्येक पानावर सही केली आणि तिच्याकडे पाहून "थँक्यू बाई" म्हणून गेला. मामा म्हणजे तिचाच भाऊ, हे त्याला माहीत नव्हतं. कचेरीतही कोणाला नव्हतं. भाऊ संघाचा नोकर, महासंघाचा नाही, आणि ती घरचं कधी बोलत नसे.

पुढचे चार दिवस तिला कुठे धड बसवेना. खाली भाऊ जेवायला बोलवायचा, ती "पोट ठीक नाही" म्हणायची. त्याच्या हातांकडे पाहायचं टाळायची आणि नेमकी तिकडेच नजर जायची. विचारता येत नव्हतं. समितीतलं बाहेर बोलणार नाही असं तिने लिहून दिलं होतं. शनिवारी दुपारी कपाट आवरायला घेतलं, कारण काहीतरी करायला हवं होतं. वडिलांच्या फायलीतून दवाखान्याचे कागद खाली घसरले, आणि ती जमिनीवरच बसली.

वडिलांची शस्त्रक्रिया चौदा तारखेला झाली होती. त्याच वर्षी, त्याच महिन्यात. शर्यत सोडून भाऊ सकाळच्या गाडीने आला होता. संमतीपत्रावर त्याची सही होती, खाली वेळ, संध्याकाळचे सहा. तो तिच्याशेजारी बाकड्यावर बसला होता, दोघांनी एकाच पेल्यातून चहा घेतला होता, हे तिला आत्ता घडल्यासारखं आठवलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होता.

म्हणजे नाकतोडा खोटं बोलला होता.

तिला एकदम हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली. सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली, उभ्यानेच सगळं सांगितलं आणि कागद पुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा पुसला. "हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो."

"तुमच्या जागी दुसरी बाई बसेल. तुमचं म्हणणं लेखी द्या. भावाला आम्ही बोलावू. त्याच्याशी यावर एक शब्द बोलायचा नाही."

ती बोलली नाही. भावाला नोटीस आली, तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि तासाभरात परत आला. काय विचारलं ते तिला नंतर कळलं. चौदा तारखेला संध्याकाळी तुम्ही त्या हॉटेलात होता का? नव्हतो, वडिलांपाशी होतो. मग चौदा तारखेला तुम्ही या खेळाडूला इंजेक्शन दिलं का? नाही. दवाखान्याकडून कागदाची खातरजमा झाली, काम संपलं.

महिन्याभराने निकाल लागला. सायकलपटूने एका निरपराध कर्मचाऱ्याचं नाव घेतलं, तपशील रचून सांगितला, सबब कबुलीजबाब अविश्वसनीय. चार वर्षांची बंदी पूर्ण कायम. गोलमाल बोलून आईचं नाव घेऊन रडलेले सातही जण एका वर्षावर सुटले. वर्तमानपत्रांनी नाकतोड्याचा फोटो छापला, डोळे अर्धवट मिटलेला, आणि वर मोठ्या अक्षरांत 'कबुलीतही लबाडी'.

पेपर भावाने जिन्यात उभ्याउभ्याच वाचला. घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. त्या दिवसापासून त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. संघातून सुट्टी घेतली. सकाळी अंगणात फेऱ्या मारायचा, इकडून नळापर्यंत, तिकडून फाटकापर्यंत. भावजयीने वर येऊन विचारलं, "ताई, यांचं काय चाललंय? सुटले ना ते? मग असे जेलात असल्यासारखे का फिरतात?"

रविवारी सकाळी तोच वर आला. ती भाजी निवडत होती. तो समोर बसला, एक शेंग उचलली, सोलली, दाणे खाल्ले नाहीत.

"ताई, तो कागद तू दिलास?"

"मी दिला. खरं होतं तेच दिलं."

"खरंच होतं." त्याने दाणे टोपलीत टाकले. "पंधरा तारीख होती."

"काय?"

"चौदाला मी आपल्या बाबांपाशी होतो. पंधराला दुपारची गाडी पकडून परत गेलो, संध्याकाळी पोचलो, आणि तेव्हा दिलं. दुसरा मजला, समोर धुलाईचं दुकान. सगळं तो म्हणाला तसंच आहे. माझे हात कापत होते, तेही खरं. बाबा शुद्धीवर आले नव्हते म्हणून कापत होते. त्याला वाटलं भीतीने."

तिने सुरी खाली ठेवली. "मग समितीपुढे का नाही बोललास?"

"त्यांनी पंधराचं विचारलंच नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस!"

"नाही सांगितलं. नोटीस आल्यापासून घाबरलो होतो. त्यांनी चौदा म्हटलं आणि मला वाटलं, सुटलो. तेवढ्यापुरतं वाटलं. बाहेर जिन्यात आलो आणि कळलं, आपण काय करून बसलो ते." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. "ताई, सोळा वर्षांत तो एकटाच असा होता, जो मालिश झाली की माझ्यासाठी खुर्ची ओढायचा. म्हणायचा, आता तुम्ही बसा. आणि मी त्याला खोटारडा ठरवून आलो."

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. आणि त्यातच एक वेगळीच शंका मनात आली. हा भाऊ लहानपणापासून दुसऱ्याचं ओढवून घेणारा. शाळेत वर्गातली काच तिने फोडली होती, आणि विचारायच्या आधी हात वर करून हा उभा राहिला होता. छड्याही त्यानेच खाल्ल्या. वडिलांचं घड्याळ हरवलं तेव्हाही "माझ्याकडून हरवलं" म्हणाला, आणि ते आठवड्याने वडिलांच्याच कोटात सापडलं. आता त्या पोराचं आयुष्य वाया जातंय हे बघून हा पंधरा तारीख पदरची घालतोय की काय?

"खरं सांगतोयस?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या दुपारी ती कचेरीत गेली. रविवार असल्याने पहारेकऱ्याखेरीज कोणी नव्हतं. निकालानंतर लघुलेखनाच्या वह्या नष्ट करायच्या असा नियम होता, पण तिने ते काम रेंगाळत ठेवलं होतं. कपाटातून वही काढली, पान शोधलं. 'मामा' तीनदा. धुलाईचं दुकान. आणि खाली, स्पष्ट, तिच्याच हाताची खूण: बहुतेक. त्याच्या आधी दोन ठिपके, ते ती बोलणारा थांबला की टाकायची. मग 'चौदा असेल'. मग साहेबांचा प्रश्न. मग चौदा.

तिने टाइप केलेली प्रत शेजारी ठेवली. तिथे फक्त होतं: 'तारीख चौदा.'

'बहुतेक' तिने काढला होता. 'असेल' तिने काढला होता. थांबणं, बोटांवर मोजणं, सगळं. भरीचे शब्द. एका माणसाने चाचपडत सांगितलेली आठवण तिने घासूनपुसून विधान करून टाकली, मग तेच विधान दवाखान्याच्या कागदाने फोडलं. आणि यात ती एका अक्षरानेही खोटं बोलली नव्हती.

सोमवारी बहीण-भाऊ दोघं निघाले. भावजय फाटकात आडवी उभी राहिली.

"ताई, भाऊ तुमचा आहे, पण नवरा माझा आहे. सुटलेल्या माणसाला परत घेऊन चाललात?"

"मी नेत नाहीये गं," स्टेनोबाई म्हणाली. "तोच चाललाय."

"मग तुम्ही कशाला?"

"माझंही सांगायचं आहे."

समितीपुढे आधी भाऊ बोलला. पंधरा तारीख, थर्मास, चार वर्षं, सगळं. औषध संघाच्या व्यवस्थापकाकडून यायचं, हेही. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही याच खोलीत म्हणालात, दिलं नाही."

"चौदाला दिलं नाही म्हणालो."

"निकाल लागल्यानंतर तुमची आणि खेळाडूची भेट झाली?"

"नाही."

"फोन?"

"एकदा आला होता. मी उचलला नाही."

"हं." साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "त्याची चारही वर्षांची बंदी कायम झाल्यावर तुम्हाला तारीख आठवली."

"मी ती कधी विसरलोच नव्हतो साहेब."

"पुरावा?"

भावाने हात उघडे केले. गाडीचं तिकीट तीन वर्षं कोण ठेवतं? हॉटेलचं रजिस्टर नवीन मालकाने फेकून दिलेलं. व्यवस्थापकाने तर पहिल्या चौकशीच्या वेळीच लेखी कळवलं होतं, की त्याला असल्या औषधाचं नावही ठाऊक नाही.

मग स्टेनोबाई. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती समितीसमोरच्या खुर्चीत बसली होती. तिच्या जागी बसलेली नवी मुलगी भराभर लिहीत होती. स्टेनोबाईने वही उघडून दाखवली, खुणा वाचून दाखवल्या आणि सांगितलं, की 'बहुतेक' मी काढला.

साहेब बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांना लघुलेखन येत नव्हतं.

"हा शब्द इथे जरा दाटीने बसवल्यासारखा दिसतो."

"तो पटकन बोलला होता."

"की नंतर लिहिला गेला?" त्यांचा आवाज कठोर नव्हता, त्यामुळे तिला ते जास्तच लागलं. "बाई, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण माझ्या जागी बसून बघा. आधी तुम्ही आलात भावाला सोडवायला, कागद घेऊन. आता आलात भावाला अडकवायला, वही घेऊन. मी कोणत्या बाईवर विश्वास ठेवू?"

"दोघींवर," ती म्हणाली. "दोघी खरंच सांगतायत."

खिडकीचं दार खट खट वाजत होतं.

वही तज्ज्ञाकडे गेली. त्याने कळवलं, की तो शब्द त्याच वेळी लिहिला गेला की नंतर, हे ठामपणे सांगता येत नाही. प्रकरण अपिलात गेलं. तिथे सात महिने गेले, आणि जे बाहेर आलं त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. खेळाडूचा कबुलीजबाब खोटा सिद्ध होत नाही, तसाच खराही सिद्ध होत नाही. बंदी चारऐवजी तीन वर्षं. मालिशवाल्याने स्वतःच्या तोंडाने मान्य केल्यामुळे त्याला दहा वर्षं कोणत्याही संघात काम करता येणार नाही. म्हणजे त्याचं सांगणं त्याला शिक्षा द्यायला पुरेसं खरं होतं, नाकतोड्याला सोडवायला नव्हतं. आणि स्टेनोबाईंना मुदतीआधी अकरा महिने निवृत्ती. कामात हयगय, असं कारण. निरोपाचं भाषण झालं नाही, नाहीतर ते उतरवून घ्यायला कोणाला बोलावलं असतं कोण जाणे.

भावाला एका व्यायामकेंद्रात काम मिळालं. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे, खांदे. तो सकाळी जातो, दुपारी येतो, खातोपितो, अंगणातल्या फेऱ्या बंद झाल्या. भावजय स्टेनोबाईशी तीन महिने बोलली नाही, मग एक दिवस काही न बोलता ताट वाढून वर घेऊन आली.

चैन पडत नव्हती ती एकट्या स्टेनोबाईला. रिकामा वेळ तिला सवयीचा नव्हता. टीव्हीवर कोणी मुलाखत देत असलं की तिचं बोट मांडीवर खुणा उमटवायचं, आणि तो माणूस कुठे थांबला तिथे दोन ठिपके. बातम्या वाचणारीचंसुद्धा तिला पटेनासं झालं.

एका मंगळवारी सकाळी ती नाकतोड्याला भेटायला गेली. तो शहराच्या पलीकडच्या टोकाला एका सायकलच्या दुकानात काम करत होता. दुकान अरुंद, छताला उलटी टांगलेली चाकं, रबराचा वास. तो खाली बसून एका लहान मुलीच्या सायकलची साखळी बसवत होता, गुडघे कानांपर्यंत आलेले. तिला त्याने लगेच ओळखलं.

"बाई, बसा." त्याने खुर्ची ओढली, फडक्याने पुसली.

ती बसली. सांगायचं ते पाठ करून आली होती. "तुम्ही 'बहुतेक' म्हणाला होता. मी तो शब्द काढला. मला माफ करा."

तो हसला, पण तोंडभर नाही. "सही मीच केली ना. मी वाचलंसुद्धा नव्हतं धड."

"तरी."

"मला तर वाटलं होतं, एवढं उघडं सांगितलं म्हणजे लोक विश्वास ठेवतील. वकील म्हणत होता, थोडं लपव, थोडं रड. लोकांना तसंच लागतं." त्याने साखळीवरचा हात काढला. "आता माझी आई विचारते, तू खरंच घेतलं होतंस का? तिला वाटतं, मी कोणाला तरी वाचवतोय."

बाहेरून ट्रक गेला, टांगलेली चाकं हलकेच फिरली. स्टेनोबाई पुढे झुकली. हे विचारायचं नाही असं ठरवून आली होती.

"माझ्या भावाने दिलं होतं ना? पंधरा तारखेला? मला फक्त तेवढं कळलं तर..."

तो आठवायचा प्रयत्न करत होता, ते दिसत होतं. कपाळावर आठ्या, नजर कुठेतरी चाकांवर.

"बाई, मी ते इतक्या ठिकाणी सांगितलंय. समितीत, अपिलात, पेपरवाल्यांना, घरी. आता डोळे मिटले की ती हॉटेलची खोली दिसतच नाही. तुमचं टेबल दिसतं. साहेबांचा चष्मा दिसतो." मग त्याने विचारलं, "मामा काय म्हणाले?"

"दिलं म्हणाला."

"मग दिलं असेल."

तेवढ्यात ती मुलगी आईबरोबर सायकल न्यायला आली. तो उठला, घंटी वाजवून दाखवली, हवा तपासली. स्टेनोबाई निघाली. जाताना त्याने "मामांना विचारलंय म्हणून सांगा" असं ओरडून सांगितलं.

घरी आली तेव्हा भाऊ नुकताच कामावरून येऊन पायरीवर चपला काढत होता.

"भेटला?"

"भेटला."

"कसा आहे?"

"बारीक झालाय."

"आणखी? आता उरलाच किती तो!" भाऊ म्हणाला, आणि दोघंही हसले, किती तरी दिवसांनी. मग त्याने चपला सरळ लावल्या आणि खाली पाहतच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला?"

"विचारलंय म्हणाला."

"बस? आणखी काही?"

"नाही," ती म्हणाली. 'मग दिलं असेल' हे तिने आपल्यापाशीच ठेवलं.

तो आत गेला. ती जिना चढून वर आली, पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली, आणि दोरीवरचे कपडे अजून ओलेच आहेत हे ठाऊक असूनही गच्चीत जाऊन एकेक काढायला लागली.